तीस फेब्रुवारी

३ जानेवारी, सांगली
टेस्टिंग करणाऱ्या भावाबहिणींनो, प्रोग्राम चालला की हार तो लिहिणाऱ्याच्या गळ्यात, बिघडला की शिव्या आपल्याला! वाईला कॉलेजात असं भाषण ठोकलं की टाळ्या पडायच्या. आता ऐकायला ही रोजनिशीच. पण नोकरी झकास आहे. ग्रामपंचायतींसाठी मृत्यूनोंदणीचा प्रोग्राम. तो तपासायला मी मशीनकडून मृत्यूच्या वाटेल त्या तारखा काढून घेते. अट एकच, तारीख कॅलेंडरात असावी. नावं सुचेनात, तेव्हा मुकुलसाहेब म्हणाले, घरच्यांची घाल, सगळे तेच करतात. मी घरमालकीण राहीबाई आणि त्यांचे फौजेतून निवृत्त झालेले यजमान दादासो यांची घातली. राहीबाईंना सांगितलं तर हसून म्हणाल्या, ऊसतोड झाल्यावरची तारीख दे गं बाई, तवर मरायला सवड न्हाई.

११ जानेवारी
राहीबाई गेल्या. मशीनने दिलेल्या तारखेलाच.

१२ जानेवारी
मुकुलला सांगितलं. वाटलं, हादरेल. त्याने भडंग खातखात कडेगावच्या चुलतभावाचं नाव घातलं, पुढच्या आठवड्याची तारीख टाकली. जमिनीचा वाद आहे म्हणे. बोटं चाटत म्हणाला, बघू तरी.

१९ जानेवारी
चुलतभाऊ गेला. मुकुलने कंदी पेढे वाटले. मी तोंडातला पेढा त्याच्यासमोर थुंकले. पोलिसांत जाईन म्हणाले, तर त्याने माझंच नाव घातलं. संयोगिता. तारीख उद्याची.

त्याची पाठ वळताच मशीनवर बसले. नोंद पुसता येत नाही, तारीख तेवढी बदलता येते. दादासोंचीही जवळ आली होती. दोघांपुढे ३० फेब्रुवारी घातली. प्रोग्रामने नाकारायला हवी होती, निमूट घेतली. ही चूक मी कुणाला कळवणार नाही. न येणाऱ्या दिवशी कोण मरेल?

५ मार्च
दादासोंवरून उसाची ट्रॉली गेली. नाडी नाही, श्वास नाही. बोलतात.

९ मार्च
पोटात किडे. पाहुणे नाकाला पदर लावून पळाले. दादासो म्हणाले, "पोरी, माझाच वास मला सोसंना. सोडीव गं."
तारीख बदलायला गेले — मी वाचले कशी ते ओळखून मुकुलने माझा पासवर्ड बंद केलाय.

१० मार्च
जाब विचारला. त्याने जिन्यावरून ढकललं. मान पाठीकडे वळली आहे. दुखत नाही. माशी डोळ्यावर बसते आणि पापणी —

तारीख ठाऊक नाही
वास आता माझाही. ज्याच्या हाती तो प्रोग्राम असेल त्याने — हळहळ नको, फुलं नकोत — दादासो आणि संयोगिता, या दोन नावांपुढे कॅलेंडरातली तारीख घाला. आजची. आत्ता घा—