तारेच्या आत

सोमवार
आलो बाई एकदाचे! हे ट्रकवर, शनिवारी घरी येणार, म्हणून मीच काम धरलं. मोटारी, ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करायची शेड, मागे आमची खोली. नळ घरातच! मिस्त्रीकाका म्हणाले, पोरीला शेडमध्येच आणत जा, पाळणा आहे. आधीच्या बाईचा राहिलेला. ठमी त्यात पाय आपटून हसली. दात एकच, पण मिरवते किती.

मंगळवार
काम जमेल. तपासायच्या यंत्राची एक वायर आतल्या तांब्याला, एक लोखंडी अंगाला लावायची, खटका दाबायचा, काटा बघायचा. काटा पडला तर करंट कुठूनतरी पाझरतोय. तिसरी वायर गार्डची. काका म्हणाले, पाझर दोन तऱ्हेचा. एक वरच्या मळावरून सरकतो, एक आतून येतो. ट्रान्सफॉर्मरवरच्या चिनीमातीच्या मानेला उघडी तार गुंडाळून गार्ड जोडलं, की वरचा चोर तिथंच धरला जातो, काट्यापर्यंत जात नाही. वायरीच्या आत जाळी असते, तीही गार्डलाच जोडायची, म्हणजे वायरीचा स्वतःचा पाझरही मध्ये येत नाही. एवढं करून काटा हललाच, तर दोष आतला. मी म्हटलं, आमच्या सासूबाईंना लावून बघा एकदा. काका खोखो हसले.

बुधवार
कोपऱ्यातला जुना ट्रान्सफॉर्मर घेतला. त्याला न्यायला कुणी येतच नाही. मान मळलेली. चष्म्यावर मारतात तशी तोंडाची वाफ मारून पुसली. काका ओरडलेच. वाफेचं पाणी बसतं, त्यावरून करंट पळतो, आणि इतकं तोंड लावायला तो काय तुझा मामा लागतो? गार्ड लावल्यावर काटा गप्प. पण तोंडात दिवसभर तांब्याची चव. चुळा भरल्या तरी जाईना.

गुरुवार
ठमी खांद्यावर, एका हाताने काम. गार्ड होतं, तरी काटा खाली-वर, खाली-वर. श्वास घेतल्यासारखा. ठमीचा श्वास माझ्या मानेला लागत होता. हिचाच ताल, दुसरा कुणाचा? आम्ही दोघी बाहेर गेलो, काकांनी खटका दाबला, तर काटा ठोकल्यासारखा स्थिर. ते म्हणाले, क्लिप ढिली असेल.
ठमी पाळण्यात खेळते, उचलली की मुकी होते. अंग गार.

शुक्रवार
आधीच्या बाईचं विचारलं.  काका म्हणाले, तिचं पोर निपचित पडलं. ती तर त्याला घटकाभर खाली ठेवत नव्हती.
त्या ट्रान्सफॉर्मरमधलं काहीतरी माझ्या ठमीवर टपलंय. उद्या हे आले की निघायचं. तोवर मी हिला सोडणार नाही. रडतसुद्धा नाही आता.

शनिवार, सकाळ
ठमी डोळे नीट उघडत नाही. काका माल पोचवायला गेलेत. हे दुपारी येतील. तोवर मीच गार्ड करते. पाळण्याभोवती जमिनीवर उघडी तार फिरवली, तिला गार्डची जाळीवाली वायर जोडली, खटका अडकवून ठेवला. सरकत येईल ते तारेवर धरलं जाईल.

दुपार
तिला मांडीवर घेऊन तारेच्या आत बसलेय. ट्रान्सफॉर्मरची क्लिप काढून हवेत सोडलीय. आता काटा हलायलाच नको.
हलतोय.
खाली — वर —
गार्ड आहे. म्हणजे बाहेरचं नाही. आतलं. तारेच्या आत तर आम्ही दोघीच —
ठमीच्या नाकाशी बोट धरलं. श्वास बारीक, भरभर. काटा सावकाश. हिचा ताल नाही हा.
मी श्वास धरला.
काटा थांबला.
सोडला. पडला.
बुधवारी मारलेली ती वाफ — तांब्याची चव —
म्हणून पाळण्यात हसते. म्हणून उचलली की —
खाली ठेवायला हवी. तारेबाहेर. यांचा हॉर्न वाजतोय, फाटकाशीच — हाक मारतेय, तोंडातून नुसती वाफ —
ठेवते. ठेवते तिला. हात सुटत ना