लाल रेघ, हिरवी रेघ

१ जानेवारी २००७, सोमवार. सकाळ.
संकल्प: या वर्षी लग्न. एवढा एकच. गेल्या वर्षी व्यायाम, इंग्रजी, पहाटे उठणं आणि लग्न असे बरेच संकल्प झाले आणि लक्ष विभागलं गेलं.

आईने मुदत दिली आहे. पाडव्यापर्यंत माझं मी जमवायचं. त्यानंतर ती माझ्यासाठी कुणाच्या दारात जाणार नाही. आजवर तिने आणलेल्या स्थळांचं काय वाईट होतं, असं विचारत होती. म्हटलं, बायोडाट्यात चुका होत्या. ती म्हणाली, छत्तीस वर्षांचा घोडा झालास, आता कुणी तुझ्यातल्या काढायच्या आधी उरक.

माझ्यात चुका नाहीत असं मी म्हणत नाही. पण लेखी नाहीत.

३ जानेवारी. संध्याकाळ.
गांधी चमनजवळच्या नेट कॅफेत जाऊन लग्नाच्या वेबसाइटवर नाव नोंदवलं. पहिलाच रकाना: स्वतःबद्दल इंग्रजीत लिहा. हसू आलं. मी एमआयडीसीतल्या बियाणे कंपनीत पाकिटावरचा मजकूर लिहितो. लाखो शेतकरी माझं गद्य वाचतात. (मच्छिंद्रचं म्हणणं, शेतकरी कपाशीचं चित्र बघतो आणि पाकीट दातानं फाडतो. मच्छिंद्र आमच्या गोडाऊनला आहे. पिंपळगाव रेणुकाईचा. साहित्याशी संबंध नाही.)

४ जानेवारी. दुपार, ऑफिस.
प्रोफाइलचा मसुदा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाइप केला. पानभर रेघा उमटल्या. स्पेलिंग चुकलं की लाल, व्याकरण चुकलं की हिरवी. आधी वाटलं मशीन बिघडलं. मग नीट पाहिलं तर माझ्या 'केशव' या नावाखालीही लाल. ज्याला केशव माहीत नाही, त्याच्यावर आयुष्याचा निर्णय कसा सोपवायचा?

ठरलं. आधी भरवशाचा चेकर, म्हणजे इंग्रजी तपासणारा प्रोग्राम, निवडायचा. मग प्रोफाइल, मग मुलगी. क्रम बराबर असला की काम जल्दी होतं.

१० जानेवारी.
तीन उमेदवार आहेत. सोयीसाठी नावं ठेवली.
ऑफिसवाला: कडक. गावांची, देवांची, माणसांची नावं दिसली की लाल.
सीडीवाला: कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट आला. महिनाभर चालतो, मग मरतो. प्रत्येक वाक्य त्याला लांब वाटतं.
खिडकीवाला: इंटरनेटवरचा. कॅफेत बसून चौकोनात मजकूर टाकायचा, बटण दाबायचं, थांबायचं. मध्येच भारनियमन झालं की मजकूरही जातो आणि चेकरही.
माझा मसुदा तिघांना दिला. तिघांची तीन मतं. खिडकीवाल्याने शेवटी शाबासकी दिली. आवडला. पण इतक्या लवकर कौतुक करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. अजून चाचण्या घेतो.

१५ जानेवारी. संक्रांत.
आईने तिळगूळ हातावर ठेवत विचारलं, झालं का ते प्रोफाइल? म्हटलं, पाया घालतोय. म्हणाली, "लग्न करून राह्यलास का बंगला बांधून राह्यलास?"
आईला तंत्रज्ञान कळत नाही.

२० जानेवारी, शनिवार.
भयंकर प्रकार. मच्छिंद्र माझ्याबरोबर कॅफेत आला होता. मी पाणी प्यायला उठलो, तेवढ्यात या गृहस्थाने माझ्या रकान्यात स्वतःच्या इंग्रजीत तीन वाक्यं लिहून बटण दाबलं! मुलगा साधा आहे. जालन्यात नोकरी चांगली आहे. आई चांगली आहे. बस्स. मी ओरडलो तर म्हणाला, "अन् काय ल्ह्यायचं? खोटं हाये का त्यात?"
लगेच काढून टाकणार होतो, पण दिवे गेले. त्याच्याशी बोलायचं बंद केलं आहे.

२३ जानेवारी.
कॅफेत गेलो, ते प्रोफाइल पुसायला. पाहतो तर निरोप. अरुंधती नाव. अंबडला बँकेत आहे, वय एकतीस, घरी आईच. लिहिते, वाचलेल्या सगळ्या प्रोफाइलांत एवढंच खरं वाटलं. 'आई चांगली आहे' वाचून ती खूप वेळ हसली.

साध्या भाषेचं सामर्थ्य! मी हे कायम सांगत आलो आहे. प्रोफाइल पुसलं नाही. मच्छिंद्रशी बोलायला सुरुवात केली.

१ फेब्रुवारी.
उत्तराचा मसुदा सुरू आहे. ऑफिसवाला जे सुधारतो ते सीडीवाल्याला खटकतं. सीडीवाल्याने आखडून दिलेलं वाक्य खिडकीवाल्याला रूक्ष वाटतं. मच्छिंद्रने विचारलं, "उत्तर देल्लं का न्हाई अजून?" म्हटलं, तपासून राह्यलोय. (त्याच्याबरोबर राहून माझी भाषा बिघडत चालली आहे.) तो म्हणाला, तपासा बिलकुल, तवर ती रिटायर होईल.

३ फेब्रुवारी.
उत्तर पाठवलं. चार ओळी. निर्दोष. त्यात काय लिहिलं होतं ते आता आठवत नाही, पण निर्दोष होतं.

६ फेब्रुवारी. संध्याकाळ.
तिचं पत्र! पानभर! कॅफेतून प्रिंट काढून आणली. बँकेत दुपारचा डबा ती गच्चीवर बसून खाते. काउंटरवर एक आजोबा रोज येतात आणि पासबुकात काहीच नसताना ते भरून मागतात. ती रोज मशीनमध्ये घालून परत देते. तिला मोठ्या आवाजात बोलणारी माणसं आवडत नाहीत. मी मोठ्याने बोलत नाही.
वाचताना छातीत काहीतरी हललं. गॅसेस नव्हते, खात्री केली. मला ही मुलगी आवडली आहे. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे लिहायचं तर तपासावं लागेल.
पत्रात चुका मात्र पुष्कळ. इंग्रजी अगदी घरगुती.

७ फेब्रुवारी.
अंघोळ करताना सुचलं. चेकरची निवड अडली ती चांगल्या नमुन्याअभावी. माझ्या लेखनात चुकाच कमी, चाचणी होणार कशी? आणि इथे तर पानभर खराखुरा, अस्सल, चुकांनी समृद्ध मजकूर आपणहून चालत आलेला! अरुंधतीचं पत्र तिन्ही चेकरांना देणार. एका दगडात चेकरही ठरेल आणि तिलाही मदत होईल.
तिला उत्तर त्यानंतर. सविस्तर.

९ फेब्रुवारी.
प्रगती उत्तम. पत्राचा शेवटचा परिच्छेद फार अवघड गेला. रविवार, जांब समर्थ, देऊळ, तिची आई, भाकरी, ठेचा, वाट बघणं, सगळं एकाच वाक्यात, पूर्णविराम नावाला नाही. ऑफिसवाल्याने जांब, समर्थ, भाकरी आणि ठेचा सगळ्यांखाली लाल ओढली. सीडीवाला म्हणाला, वाक्य लांब. खिडकीवाल्याने मात्र मार्मिक शंका काढली: वाट नक्की कोण बघणार, स्पष्ट करा.
चेकर म्हणजे असा! मी त्या वाक्याचे तीन सुटसुटीत तुकडे केले.

११ फेब्रुवारी, रविवार.
या वर्षातला सर्वात सुंदर रविवार. सकाळी नळाला पाणी आलं (बाराव्या दिवशी), दिवसभर वीज गेली नाही. नऊपासून कॅफेत. आई म्हणाली, सुट्टीच्या दिवशी तरी कुठं बाहेर जा, देवाला जा. म्हटलं, महत्त्वाचं काम आहे.

संध्याकाळी तिला पाठवलं: एक, तिचं पत्र, दुरुस्त करून. दोन, कोणत्या प्रकारच्या चुका किती, त्याचा तक्ता. तीन, माझी शिफारस: खिडकीवाला, पत्त्यासह. खाली लिहिलं, राग मानू नये, आपुलकीने केलं आहे.
इतकं कष्टाचं पत्र तिला कुणी पाठवलं नसेल. घरी येताना शीळ घातली.

१२ फेब्रुवारी.
उत्तर नाही. तक्ता अभ्यासत असेल.

१४ फेब्रुवारी.
आजच्या दिवशी तरी उत्तर येईल असं वाटलं होतं. बँकांना मार्चअखेरची कामं आत्तापासूनच लागतात.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार. ऑफिस.
घाईत लिहितोय, अक्षर वाईट येईल.
कँटीनमध्ये मच्छिंद्रला तिचं मूळ पत्र आणि माझी सुधारित प्रत दोन्ही दाखवली. कौतुकासाठीच, दुसरं काय. त्याने माझी प्रत बाजूला ठेवली. तिचं पत्र ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. मग चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "केशवराव, रविवारी तुम्ही जांबला गेल्ते का?"
म्हटलं, नाही, का?
म्हणाला, "पोरीनं बोलावल्तं ना तुम्हाला. आईला घेऊन येते, देवळात भेटू, पाहण्याचा कार्यक्रम वगैरे न्हाई, नुसतं बोलू. भाकरी-ठेचा बांधून आणते, वाट बघते."
मी म्हटलं, कुठे लिहिलंय? त्याने बोट ठेवलं. हिरवी रेघ असलेलं वाक्य. मी ज्याचे तीन तुकडे केले, ते.
मी ते पत्र पाठ म्हणू शकतो. कुठल्या ओळीत काय चुकलंय ते झोपेत सांगेन. माझा चहासुद्धा मच्छिंद्रनेच पिऊन टाकला, निवत होता म्हणून.

१८ फेब्रुवारी, रविवार.
मच्छिंद्रची गाडी मागून घेतली आणि जांबला गेलो. देवळात बसलो. ती दर रविवारी येत असेल असा माझा तर्क होता. तर्काला आधार काही नाही. एखादी बाई आईबरोबर आत शिरली की मी उठून उभा राहायचो. एका पुजाऱ्याने विचारलं, कुणाची वाट बघताय?
फार वाईट वाटलं. हे मला विनोदाने लिहिता येत नाही.

१९ फेब्रुवारी.
तिला लिहिलं. मराठीतच, इंग्रजी अक्षरांत, जसं आलं तसं. मी मूर्ख आहे, पत्र वाचायचं सोडून तपासत बसलो, काल जांबला जाऊन आलो, एक संधी द्या. कुठल्याही चेकरला न दाखवता बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा. पाठवल्यावर दोन चुका दिसल्या. राहू देत.

४ मार्च. धुळवड.
उत्तर नाही. नाही असंही आलेलं नाही, हे लक्षात घ्यायला हवं. इतके दिवस लागतायत म्हणजे लांबलचक पत्र असणार. मच्छिंद्र रंग लावायला घरी आला होता. आईने त्याला पुरणपोळी वाढली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, तुझ्या त्या प्रोफाइलमधलं शेवटचं वाक्य याचंच ना? तेवढंच कामाचं होतं.

११ मार्च.
सीडीवाला कधीचाच मेला होता, आज सीडी ड्रॉवरमधून काढून टाकली. उमेदवार दोन उरले. आता या विषयात काही रस नाही. तरी नोंद असावी.

१८ मार्च, रविवार. संध्याकाळ.
अरुंधतीचं पत्र आलं आहे.
उघडण्याआधी हिशोब मांडला. रागाने लिहिलं असेल तर घाईत लिहिलं असेल. घाईत लिहिलं तर चुका होणार, तिच्या तर होणारच. आणि ज्याच्यावर एवढा राग येतो त्याच्याबद्दल मनात काहीतरी असतंच. म्हणजे चुका दिसल्या की अजून आशा आहे. कॅफेत प्रिंट काढली, न वाचता घडी घालून खिशात ठेवली. उद्या पाडवा. चांगला दिवस आहे. उद्या वाचतो.

१९ मार्च, सोमवार. गुढीपाडवा.
गुढी उभारली. कडुलिंब खाल्ला. मग वाचलं. आधी नुसतं वाचलं, एवढं तरी शिकलो आहे.
लिहिते: दुपारचा नैवेद्य होऊन गेला तोपर्यंत आम्ही वाट बघितली. मग तुमच्या वाट्याची भाकरी पायरीवरच्या एका आजींना दिली. त्यांना ठेचा आवडला. संध्याकाळी तुमचा तक्ता मिळाला. नंतर सेलूचं एक स्थळ आलं. ते फारसं बोलले नाहीत, दोन भाकरी खाल्ल्या, आणखी मागितली. वैशाखात लग्न आहे. तुम्ही वाईट नाही, हे तुमच्या दुसऱ्या पत्रावरून कळलं. ते आधी यायला हवं होतं.

दुपारी कॅफेत गेलो आणि तिचं पत्र खिडकीवाल्याच्या चौकोनात टाकलं. बटण दाबलं. थांबलो. एक तरी रेघ. लाल नाहीतर हिरवी, कुठलीही.
एकही चूक निघाली नाही.
मग पत्राच्या अगदी खालची ओळ पुन्हा वाचली, जी मी घरी घाईने ओलांडली होती. चेकर खरंच चांगला आहे, आभार. हे पत्र मी त्यातूनच तपासून पाठवत आहे.