शेवटच्या होडीनंतर

४ जानेवारी
पोहोचले एकदाची! हाडं गोठवणारी थंडी आहे, पण धाकटीने स्टेशनवर येऊन अशी मिठी मारली की प्रवासाचा शीण पळाला. तिचं घर लहानसं, समुद्रासमोर. स्वयंपाकघरात शेगडी धगधगते, वर दोरीवर नवऱ्याचे लोकरीचे मोजे वाळत असतात. तो मासेमारी करतो. मला माडीवरची उबदार खोली दिलीये. खोटं कशाला लिहू, हे सगळं बघून जळले मी थोडी. लहानपणी हिचं शेंबडं नाक मीच पुसायचे.

६ जानेवारी
इथे धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसत नाही. होड्यांना किनारा सापडावा म्हणून धाकटी धक्क्यावरची घंटा वाजवते. परतलेला प्रत्येक जण म्हणतो, वहिनी, वाचलो बुवा तुमच्यामुळे. नवरा तर तिचे गारठलेले हात आपल्या कोटात घेतो, चारचौघांत! मी शेजारी खांबासारखी उभी. बाई, तुम्ही कोण, एवढंही कुणी विचारलं नाही.

७ जानेवारी
धाकटीला ताप भरलाय. घंटा मी वाजवीन म्हटलं. तिने दहादा बजावलं, शेवटची होडी लागली की थांबायचं आणि लोलकाला फडकं गुंडाळायचं, वाऱ्यानेही वाजता कामा नये. बुडालेल्यांनाही ती ऐकू येते म्हणे. मला हसूच आलं. राणीसाहेबांना गादी सोडवत नाही, दुसरं काय!

८ जानेवारी
सगळ्या होड्या सुखरूप आल्या. उतरणारा जो तो विचारतो, वहिनी कशा आहेत? दोर ओढून माझे हात सोलवटले, त्याचं कुणाला काय पडलंय.
धक्का रिकामा झाला तरी मी फडकं बांधलं नाही. वाजवत राहिले. एक तरी माणूस माझ्यामुळे घरी यावा, एवढंच मनात होतं. तेवढ्यात धुक्यातून हाक आली, धाकटीचं नाव घेऊन. तिथेही तीच! माझं डोकंच फिरलं. ती नाही, मी आहे, असं ओरडले आणि माझं नाव सांगितलं.
पाण्यातून कुणीतरी ते हळूच म्हणून पाहिलं.

९ जानेवारी
माडीच्या खिडकीवर बाहेरून ओल्या पंजाचा ठसा. इतक्या उंच कुणाचा हात पोचेल? धाकटीने विचारलं, फडकं बांधलंस ना गं ताई? मी हो म्हटलं.

१० जानेवारी
भर दुपारी दारातून हाक. माझं नाव. लाडाने, सावकाश.
धाकटी पांढरीफटक पडली. तिला सगळं सांगून टाकलं. रागावली नाही — तेही सहन होत नाही मला.

११ जानेवारी
तिचा नवरा मागच्या दाराने माणसं आणायला गेलाय. दाराखालून पाणी येतंय — खारट, बर्फासारखं —
धाकटी मला घट्ट धरून बसलीये. ओ देऊ नकोस म्हणते, पाया पडते, रडते —
तिचं काय जातंय. तिला सगळं गाव हाका मारतं.
हे फक्त मला बोलावतंय. एवढी घरं सोडून माझ्याकडे आलंय. आता हिच्या पोटात दुखतंय —
पुन्हा हाक. किती मायेने —
तिचा हात झटकला. ओ दिली मी. कडी —