मिनिटाला पाच लिटर

घाटकोपर, रविवार

तीर्थस्वरूप शुभाताईंना चंद्रप्रकाशचा नमस्कार.

तुमचा खोकला थांबला का? तुमची धाकटी बहीण, माझी नलिनी, जाऊन सात महिने झाले आणि आज मी आपणहून पत्र लिहितोय. घाबरू नका, बातमी चांगली आहे!

दीप्तीने तुमच्याकडेही भुणभुण लावली असेलच. चौथा मजला, लिफ्ट नाही, बाबांना दम लागतो, तेव्हा घर बंद करून त्यांना बंगळुरूला आणायचं. शेवटी ठरलं, हृदय तपासायचं. चांगलं निघालं तर मी इथेच राहायचं. म्हणून काल अंधेरीला गेलो. (नवा बनियन घालून. कोणी पाहिलासुद्धा नाही.)

शुभाताई, सुई नाही, टोचणं नाही! नाकाला चिमटा, तोंडात तोटी आणि तिला जोडलेली रबरी पिशवी. पिशवीतली हवा वीस सेकंद आत-बाहेर करायची. त्या हवेत दोन वायू, एक रक्तात विरघळतो, दुसरा नाही. पहिला किती झपाट्याने कमी होतो त्यावरून फुप्फुसांतून मिनिटाला किती रक्त वाहतं ते कळतं, आणि हृदयही तेवढंच रक्त पुढे ढकलत असतं. काय डोकं चालवलंय!

पण "श्वास घ्या" म्हटल्याबरोबर मी नलिनीच्या योगवर्गातला प्राणायाम सुरू केला. हवा आत, डोळे बंद, कुंभक. अस्मिता नावाची तिथली मुलगी ओरडली, "काका, सोडा ना! मशीनला वाटतंय तुम्ही गेलात!" तोंडात तोटी, त्यामुळे बोलायची सोय नाही. (मला ती फारशी लागतही नाही.) दुसऱ्या खेपेला सवयीने नाकपुडीवर अंगठा गेला. "अहो, नाक आधीच बंद केलंय! बाहेर दहा जण थांबलेत." तिसऱ्यांदा साध्या माणसासारखा श्वास घेतला. पाच लिटर. मिनिटाला! आमच्या नळाला सकाळी एवढी धार नसते. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत. बसस्टॉपवर एका अनोळखी गृहस्थांना मी तो कागद दाखवला. (ते जरा सरकून बसले.)

आपला,
चंद्रप्रकाश

ता. क. हा आकडा दीप्तीला तुम्हीच फोनवर सांगा. माझ्यावर तिचा विश्वास नाही. म्हणते, "बाबा, आई बरी आहे असंही तुम्हीच सांगत होतात."

आणखी ता. क. जिन्यात मला दम लागतच नाही. दाराला चावी लावली की लागतो, म्हणून बाहेर उभा राहतो. शेजारच्या माधुरीबाईंना वाटलं जिन्यामुळे, त्यांनी दीप्तीला कळवलं. हे काही त्या पिशवीत मोजता येत नाही. घर मात्र मला सोडायचं नाही. आठ दिवस राहायला याल का? कुलूप मी उघडीन. आत आधी तुम्ही जा.