सरावाच्या महिन्यातली शिल्लक

आज साहेबांना द्यायचा तुझा राजीनामा शोधत बसू नकोस, तो माझ्या पर्समध्ये आहे.

नोकरी सोडून परदेशात वर्षभर बचतीवर राहताना दरमहा जेवढ्यात भागवायचं, तेवढ्यातच इथे महिनाभर राहून बघू, ही तुझीच कल्पना. मी रोज कामावर पायी गेले, टाचा सोलून निघाल्या. खर्चाच्या डब्यात पैसे उरले तेव्हा वेड्यासारखी नाचले. आणि सकाळी तुझ्या ताईंचा फोन, "अगं, हा रोज दुपारी माझ्याकडे जेवतो, तुमचं भांडण झालंय का?"

"अजून नाही," म्हटलं.

तुझं जेवण धरून पुन्हा हिशोब मांडला. आपली बचत आठव्या महिन्यातच संपते. तिकडे कुठली ताई ताट वाढून बसणार आहे?

आज दुपारी त्यांच्याकडे जाऊ नकोस, कुलूप असेल. त्या माझ्याबरोबर बाहेर जेवणार आहेत, डब्यात उरलेल्या पैशांवर.