दुसरी गाठ

नांदेड, मंगळवार, संध्याकाळ

काय बघतेस माझ्याकडं, वही? न्हाई आला सिग्नल. आम्ही कॉलेजात बनवलेला छोटा उपग्रह आजबी मुक्यानंच डोक्यावरून गेला.

त्याचा अँटेना म्हणजे माझ्यासंगं उपग्रह बनवणाऱ्या सलीमच्या अब्बांचा मापं घ्यायचा स्टीलचा टेप. निलंग्यात सुतारकाम करतात ते. टेप गुंडाळून दोऱ्यानं बांधला होता. वर गेल्यावर दोऱ्याला टेकवलेली तार तापणार, दोरा जळणार, टेप उघडणार. अब्बा रोज फोनवर विचारतात, "बोलला का रे माझा टेप?"

आज गच्चीवर सलीम म्हणला, "यार, तारेचं माझंच सोल्डरिंग कच्चं असंल."

दुसरी गाठ मी मारली होती. टेप आधीच सुटंल या भीतीनं, कुणाला न सांगता. तारेपासून लांब, जिथं दोरा जळणारच न्हाई.

"सल्या, दोरा दोन जागी बांधलाय. दुसरी गाठ माझी हाय."

त्यानं तोंड उघडायच्या आत जिना उतरलो. वर त्याचा फोन वाजत होता. अब्बांचाच असणार.