लिफ्टमधल्या पाटीचा हुकूम

आदरणीय रसूलमामूंना मिरजेहून आसिफचा सलाम. शमशादमुमानींचा मोतीबिंदू काढल्यावर त्यांना आता सगळं स्वच्छ दिसतं, असं कळलं; तेव्हापासून तुमची काळजी वाटते. (फोनच केला असता, पण तुम्ही ‘आवाज येईना’ म्हणून ठेवून देता.) इकडे तुमची सून समीना ठीक आहे आणि मी दमलोय.

कारण आमची लिफ्ट. तिच्यात पाटी आहे : ‘कामवाल्यांनी लिफ्ट वापरू नये. हुकमावरून.’ आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या भामाबाई गुडघे धरत चौथ्या मजल्यावर चढतात. परवा त्या दारातच बसल्या आणि म्हणाल्या, “साहेब, तुमी कायदा शिकवताय न्हवं? मग ह्यो हुकूम कुणाचा, तेवढं सांगा की.” (विद्यार्थी फक्त ‘परीक्षेला येणार का’ एवढंच विचारतात, त्यामुळे मला प्रश्नांची सवय राहिलेली नाही.)

मी सोसायटीचा अध्यक्ष, म्हणून मीटिंग बोलावली. हुकूम कुणाचा, कुणालाच ठाऊक नाही. बिल्डर म्हणतो माझा नाही. सेक्रेटरी भाऊसो म्हणतात, आम्ही राहायला आलो तेव्हा पाटी होतीच. निवृत्त फौजदार गुंडाप्पा म्हणाले, “पाटी हाय, समदी पाळत्यात, मोडली तर मी वरडतो. कायद्याला आनि काय लागतंय?” (मामू, हसू नका. मोठमोठ्या पंडितांनी हेच जाड ग्रंथांत लिहिलंय, फक्त त्यात ओरडणं कमी असतं.) दुसऱ्या मजल्यावरच्या शिवांजलीबाई उसळल्या : माणसाला हिणवणारा नियम हा मुळात नियमच नव्हे. त्यावर गुंडाप्पांनी, मग छळणारा इन्कम टॅक्सही नियम नव्हे का, असं विचारलं आणि निम्मी इमारत ताबडतोब शिवांजलीबाईंच्या बाजूला गेली.

शेवटी मी थकून शास्त्रशुद्ध निकाल दिला. नियम चांगला की वाईट, लोक पाळतात की नाही, हे बाजूला ठेवा. ज्याला अधिकार होता त्यानं हा नियम केला का, एवढंच बघा. तसं दिसत नाही, म्हणून पाटी रद्द. सुटलो म्हणतोय, तोच गुंडाप्पा शांतपणे म्हणाले, “आन् तुमाला अध्यक्ष कुनी केलं, सर?”

मामू, कुणीच नाही. जुने अध्यक्ष मुलाकडे पुण्याला गेले, जाताना टाकीच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली आणि टँकरवाले मला अध्यक्ष म्हणू लागले. ना निवडणूक, ना ठराव. म्हणजे मी आणि पाटी एकाच कुळातले : लोक मानतात म्हणून आहोत. पाटी काढायची तर आधी मला काढावं लागतं. चहा गार झाला, लोक जेवायला गेले आणि पाटी तिथंच राहिली.

मुमानींना सलाम सांगा.

तुमचा दमलेला भाचा,
आसिफ

ता. क. – खरं काम हे. रविवारी पुन्हा मीटिंग आहे. साताऱ्याच्या कोर्टात तुम्ही जन्मभर पुकारा केलात. त्याच आवाजात एकदा ‘पाटी रद्द’ म्हणायला या. त्यानंतर अधिकार कुणाचा, हे गुंडाप्पाही विचारणार नाहीत.

ता. क. २ – येऊ नका. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात भामाबाई सांगायला आल्या : उद्यापासून त्यांनी समोरच्या इमारतीत काम धरलंय. मी म्हटलं, तिथं तर लिफ्टच नाही. म्हणाल्या, “लिफ्ट न्हाई, पर पाटी बी न्हाई.” त्या जिन्यानं खाली गेल्यावर मी स्क्रूड्रायव्हर घेऊन लिफ्टमध्ये गेलो आणि पाटी काढली. अडवायला कुणीही आलं नाही.